ऐन की किंजळ? जळक्या डोंगरावर फसवणारी दोन झाडं

मार्चअखेरीस गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या जळलेल्या उतारावर गेलात तर सगळी खोडं सारखीच काळी दिसतात. पानं गळलेली, पाचोळ्याची राख झालेली, शेंड्याला कुठे कुठे वाळकी फळं. अशा वेळी ‘हा ऐन’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं तो बरेचदा किंजळ निघतो. दोघंही टर्मिनॅलिया वंशातले, म्हणजे चुलतभाऊच. ऐन म्हणजे टर्मिनॅलिया इलिप्टिका; जुन्या पुस्तकांत तो टोमेंटोसा किंवा क्रेन्युलाटा या नावाने सापडतो, आणि गोव्याचा राज्यवृक्ष म्हणून ‘मत्ती’ असं जे नाव छापलं जायचं ते त्याचंच. किंजळ म्हणजे टर्मिनॅलिया पॅनिक्युलाटा, लाकडाच्या वखारीत किंदळ.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात साट्रे, देरोडे या बाजूला डोंगर पेटले आणि आग विझवायला नौदल व वायुदलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. असा वणवा विझला की लगेच ‘इथे काय लावायचं?’ हा प्रश्न येतो. त्याआधी इथे काय उभं आहे ते बघायला हवं. गोव्याच्या पानगळीच्या रानात ऐन, किंजळ, नाणा आणि जांभा ही झाडं शेजारी शेजारी असतात. नाण्याची साल गुळगुळीत, पांढरट आणि पापुद्रे सुटणारी असते, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. गल्लत होते ती ऐन आणि किंजळ यांच्यात. ती महागात पडते, कारण जळाल्यावर दोघांची किती वाट पाहायची आणि दोघांची रोपं कशी करायची, दोन्ही बाबतीत उत्तर वेगळं आहे.

साल

ऐनाची साल काळपट, जाड, आणि उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत फाटलेली असते. सुसरीची पाठ म्हणतात तशी. भेगेत बोटाचं टोक सहज जातं. किंजळाची साल तपकिरी. तिच्यावर उथळ उभ्या चिरा असतात आणि नखाने खरवडली तर पातळ खपल्या निघतात. ताज्या झाडावर हे एका नजरेत कळतं. वणव्यानंतर काजळी दोन्हींवर सारखी बसते, म्हणून डोळ्यांपेक्षा हात बरा: ओल्या फडक्याने वीतभर जागा पुसा आणि आडवं बोट फिरवा. बोट आडव्या भेगांत अडकत गेलं तर ऐन. नुसत्या उभ्या रेषा लागल्या तर किंजळ. पंधरा-वीस सेंटिमीटरपेक्षा बारीक खोडांवर मात्र हा नियम चालत नाही. ऐनाच्याही कोवळ्या सालीवर भेगा नीट पडलेल्या नसतात.

आगीच्या हिशेबात हा फरक फार मोठा आहे. सालीखालचा वाढीचा पातळ थर साधारण ६० अंश सेल्सियसला मरतो. उष्णता तिथवर पोचायला लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साल दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट. जमिनीलगतची पाचोळ्याची आग एका जागी फार वेळ थांबत नाही. म्हणून मोठा ऐन काळाठिक्कर दिसूनही आतून शाबूत असतो, आणि त्याच जागेवरचा तेवढ्याच वयाचा किंजळ एका बाजूने मेलेला असू शकतो.

उतारावर हे तपासताना खोडाची वरची, डोंगराकडची बाजू आधी बघावी. घरंगळलेला पाचोळा तिथेच साचतो आणि वर चढणारी ज्वाळाही खोडाला वळसा घालून तिथेच रेंगाळते. खालच्या बाजूने ठणठणीत दिसणारं खोड वरच्या बाजूला पोकळ झालेलं असतं.

जिवंत आहे का, हे बघायला सुरीने अंगठ्याच्या नखाएवढाच तुकडा काढा. आतला थर ओला, घट्ट आणि ताज्या रंगाचा असेल तर जिवंत. तपकिरी, कोरडा किंवा आंबूस वासाचा असेल तर त्या जागी मेलेला. किंजळात सुरी चटकन तिथवर पोचते. ऐनात तेवढ्या खोलीवर अजून मेलेली बाहेरची सालच लागते आणि माणूस ‘वाळलाय’ म्हणून निकाल देतो. जिवंत ऐन तोडले जाण्याचं हे एक ठरलेलं कारण. ऐनाला सालीची जाडी मोजत जा, ओल लागेपर्यंत. चारही दिशांना एकेक खूण करून पाहा आणि किमान एक पावसाळा जाऊ द्या. दोघंही पानगळीचे, त्यामुळे मार्चमधल्या उघड्या फांदीवरून काहीच ठरत नाही. शिवाय झाड तोडायला गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, घाई करून उपयोगही नाही.

एक विषयांतर. ऐनाच्या खोडात पाणी असतं ही गोष्ट खरी आहे. मार्च २०२४ मध्ये आंध्रातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याने खोडावरच्या फुगवट्याला खाच पाडल्यावर पाण्याची धार उसळली, तो व्हिडिओ खूप फिरला. पण हे सगळ्या ऐनांत नसतं, आणि ‘बघूया तरी’ म्हणून भाजलेल्या झाडावर कोयता चालवणं म्हणजे वाळवीला दार उघडून देणं.

फळ

साल चकवू शकते, फळ नाही. ऐनाचं फळ तीन ते पाच सेंटिमीटर लांब, त्याला पाच रुंद, सारखे पंख. किंजळाचं फळ जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं, एक पंख मोठा आणि दोन अगदी छोटे. आगीनंतरही शेंड्याला दोन-चार फळं राहतात, किंवा खडकाच्या फटीत न जळता सापडतात. एवढा पुरावा पुरतो.

ऋतूही वेगळे. किंजळ साधारण ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पांढरट तुऱ्यांनी फुलतो आणि त्यानंतर लालसर फळांनी भरतो. दिवाळीच्या सुमारास चोर्ला किंवा अनमोड घाटात जी गंजलेल्या लाल रंगाची झाडं दिसतात आणि लोक ‘काय फुललंय’ म्हणतात, ती फुलं नव्हेत, किंजळाची फळं. ती डिसेंबर ते फेब्रुवारीत पिकून तपकिरी होतात. ऐनाची फळं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिकतात, म्हणजे नेमकी काजूच्या हंगामात, भाटातला, म्हणजे काजूच्या बागेतला पाचोळा पेटवला जातो त्याच दिवसांत. त्यामुळे मार्चच्या आगीत ऐनाचं त्या वर्षीचं बी झाडाखालीच जळतं. किंजळाचं बी आधीच वाऱ्यावर गेलेलं असतं.

पानावर विसंबू नका. दोघांचीही पानं लांबट, जाड, आणि देठाजवळ खालच्या बाजूला बारीक गाठी दोघांनाही असतात. वणव्यानंतर बुंध्यातून येणाऱ्या फुटव्यांची पानं तर नेहमीपेक्षा मोठी, मऊ आणि लवदार असतात. त्यावरून ओळख पटवायला जाल तर हमखास चुकाल.

रोपवाटिकेत आणखी एक घोळ होतो. ऐन मागितला तर अर्जुन मिळतो, कारण त्याच्याही फळाला पाच पंख. अर्जुनाचे पंख अरुंद आणि जाड, त्यांवरच्या बारीक रेषा वर वळलेल्या. ऐनाच्या रुंद पंखावर रेषा आडव्या, सरळ कडेपर्यंत गेलेल्या. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट. ते नदीकाठचं झाड आहे, त्याला कातळाच्या उतारावर लावून कुणाचंच भलं होत नाही.

बी आणि रोपं

अभयारण्यातून लेखी परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, बीसुद्धा नाही; वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो पाचोळ्यालाही लागू होतो. देवराईतलं गावाला विचारल्याशिवाय घेऊ नये. आपली बागायत, रस्त्याची कड, परवानगी मिळाली तर कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक संस्थेची) जमीन, एवढ्यात बी भरपूर मिळतं. जळलेल्या जागेपासून जवळच्याच, न जळलेल्या किमान दहा झाडांखालून थोडं थोडं घ्या. एकाच झाडाखालून पोतं भरलं तर सगळी भावंडंच वाढवाल.

ऐन सोपा. तपकिरी झालेली फळं मार्च-एप्रिलमध्ये गोळा करा, पंख कात्रीने छाटा, २४ ते ४८ तास पाण्यात भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. तरंगणारी फळं पोचट समजून फेकण्याची चूक बरेच जण करतात. पंखांत हवा असते म्हणून चांगली फळंही तरंगतात. लाल माती दोन भाग, वाळू एक, कुजलेलं शेणखत एक. पिशवी किमान ६ × ९ इंचांची, कारण ऐन आधी सोटमूळ खाली सोडतो आणि मग वर वाढतो. फळ आडवं, एक ते दीड सेंटिमीटर खोल. रुजवा दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतो आणि रेंगाळत चालतो, त्यामुळे सहा आठवडे पिशवी रिकामी करू नका. दर पंधरा-वीस दिवसांनी पिशव्या जागेवरून हलवा. नाहीतर मूळ पिशवी फोडून जमिनीत जातं, उचलताना तुटतं, आणि लावलेलं रोप आठवड्यात माना टाकतं. मग दोष पावसाला दिला जातो.

किंजळाशी हीच पद्धत वापरली की निराशा ठरलेली. त्याची बहुतेक फळं आतून रिकामी असतात. पिशवीत दोन-दोन टाकून बसलात तर शंभर पिशव्यांत पाच-सहा रोपं दिसतील आणि ‘बी खराब होतं’ असं वाटेल. बी खराब नसतं, झाडाचा स्वभावच तसा. म्हणून आधी मोजून घ्या: ढिगातून पन्नास फळं काढा, ब्लेडने किंवा नेलकटरने आडवी कापा, आत पांढरा गर असलेली मोजा. चार निघाली तर ८ टक्के भरीव. त्यातली निम्मीच रुजून जगतील असं धरलं तर हाती चार टक्के येतात. वीस रोपांसाठी पाचशे फळं पेरावी लागतील. फळं चिमुकली असतात, पाचशे काही फार नाहीत.

ती पिशवीत न पेरता उंच वाफ्यावर, एकमेकांना चिकटून एकच थर पसरा. वर चाळलेली वाळू अर्धा सेंटिमीटर, त्यावर भाताचा पेंढा, पाणी बारीक झारीने. कोंब दिसले की पेंढा त्याच दिवशी काढा, दोन दिवस राहिला तरी कोंब पिवळे पडून लांबतात. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्यावर संध्याकाळी पिशवीत हलवा आणि आठवडाभर सावलीत ठेवा.

दोन्ही रोपं त्याच वर्षीच्या जूनमध्ये लावायच्या लायकीची नसतात. पुढच्या जूनपर्यंत थांबा. थेट जागेवर पेरायचं असेल तर ऐन पेरा, पहिल्या दमदार पावसानंतर, एका जागी तीन फळं. किंजळाच्या बाबतीत मात्र वाऱ्याच्या बाजूला न जळलेली झाडं उभी असतील तर काहीच करू नका. पुढच्या हिवाळ्यात बी आपणहून येईल.

कुठे आणि किती

ऐनाला खोल, ओल धरणारी, चिकण माती मानवते. उताराचा पायथा, ओहोळाची बाजू. किंजळ जांभ्या दगडाच्या उथळ, तापणाऱ्या जमिनीवरही तग धरतो. पण लावायच्या आधी पहिला पावसाळा नुसतं बघा. दोन्ही झाडं जळालेल्या बुंध्यातून जोमाने फुटतात, आणि त्या फुटव्याच्या मुळांना वर्षानुवर्षांची बैठक असते. पिशवीतलं रोप त्याच्याशी स्पर्धा करू शकत नाही. फुटव्यापासून पाच मीटरपर्यंत नवं काही लावू नये. खड्डा ४५ सेंटिमीटरचा घ्यावा तो उरलेल्या मोकळ्या जागेत.

फुटव्यांची विरळणी दुसऱ्या पावसाळ्याअखेर. दोनच ठेवा, जमिनीलगत फुटलेले. बुंध्यावर उंच फुटलेले जोरदार दिसतात, पण बुंधा कुजला की वाऱ्याने मोडून पडतात.

पहिल्या पावसात जे दाट हिरवं उगवतं त्यावर खूश होऊ नका, त्यात रानमोडी हे झुडपी तण बरंच असतं. कोयत्याने कापलीत तर बुडातून पुन्हा फुटते. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन मऊ असताना मुळासकट उपटावी, फुलायच्या आत. ठेवली तर फेब्रुवारीत तीच वाळून पुढच्या वणव्याचं सरपण होते, आणि दोन वर्षांच्या किंजळाच्या रोपाला दुसरा वणवा झेपत नाही. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा, तीन मीटर रुंद, जानेवारीअखेर झाडून तयार हवी.

रोपवाटिकेतलं शेवटचं काम क्षुल्लक वाटतं, पण तेच राहून जातं. पिशवीतल्या वीतभर रोपांत ऐन कोणता आणि किंजळ कोणता हे सांगणं जवळपास अशक्य असतं, आणि पाटीवरची शाई पहिल्या पावसात धुऊन जाते. प्रत्येक वाफ्याच्या खुंटीला त्याच झाडाची दोन-तीन फळं तारेने बांधून ठेवा.