प्रतिनिधी कोणाचा? ‘ऐक्या’पासून डायोसिझन कौन्सिलपर्यंत

यंदाच्या डायोसिझन कौन्सिलसाठी, म्हणजे बिशपच्या विभागातल्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या सभेसाठी, आमच्या मंडळीने (स्थानिक चर्चच्या सभासदांनी) माझं नाव पाठवलं. उपासनेनंतर सेक्रेटरींनी सही-शिक्क्याचं पत्र हातात दिलं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका आजींनी विचारलं, “ऐक्याला चाललास का रे?” हा शब्द मी किती तरी वर्षांनी ऐकला. कौन्सिलला जाण्याआधी त्याची हकीकत सांगितली पाहिजे, कारण प्रतिनिधी म्हणजे कोण हे आपल्याकडे त्या शब्दाबरोबरच ठरलं.

ख्रिस्ती धर्मप्रसार करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये अहमदनगरला आले. त्यांना पाठवणारी अमेरिकन बोर्ड ही संस्था न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल परंपरेतली. त्या परंपरेत मंडळी स्वतःच्या पायांवर उभी असते. तिच्या डोक्यावर बिशप नसतो आणि तिचे निर्णय बदलणारी वरची सभाही नसते. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, निवडायचा तो मंडळीनेच. 1854 मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी इकडे आले. मंडळ्या एतद्देशीय पाळकांच्या हाती द्याव्यात, त्यांनी आपला खर्च आपण भागवावा, हा त्यांचा आग्रह होता. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्या पाळकपदाच्या दीक्षा त्याच काळातल्या.

पण नेवासे, राहुरी, पारनेरकडच्या खेड्यांत दहा-पंधरा घरांची मंडळी एकटी किती टिकणार? गावात वाळीत पडलेली, बरीचशी महारवाड्यातली ही माणसं. नवा पाळक परीक्षा घेऊन नेमायचा, नव्या मंडळीला मान्यता द्यायची, दोन मंडळ्यांतलं भांडण सोडवायचं, तर शेजारच्या मंडळ्या लागणारच. अशा मंडळ्यांचा संघ म्हणजे ऐक्य. हा शब्द इतका रुळला, की मिशनरी आपल्या इंग्रजी अहवालांतही तोच लिहीत.

ऐक्याला पाळकाबरोबर मंडळीने निवडलेला माणूसही जाई. मला त्याच्या कामाचं स्वरूप फार मोलाचं वाटतं. तो मंडळीची खबर घेऊन जायचा आणि बाकीच्यांची घेऊन परत यायचा. ऐक्य सल्ला देई, हुकूम सोडत नसे. सल्ला मानायचा की नाही, ते घरी परतल्यावर मंडळी ठरवी. त्यामुळे प्रतिनिधीने काय सांगितलं याला वजन होतं. अशा मेळ्यांना कामकाजाइतकंच भजन-कीर्तनही असे. कृष्णराव सांगळे यांनी रुजवलेलं आणि पुढे कवी ना. वा. टिळकांनी फुलवलेलं ख्रिस्ती कीर्तन ऐकायला लोक मुलाबाळांसकट येत. लिहिता-वाचता न येणाऱ्याला ठराव कळला नाही, तरी अभंग पाठ होऊन तो घरी जाई.

1924 मध्ये या मंडळ्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांबरोबर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या. प्रेस्बिटेरियन पद्धतीत सभांच्या पायऱ्या असतात आणि वरच्या पायरीचा निर्णय खालच्या पायरीला बांधून ठेवतो. खबर नेणारा माणूस इथे मतदार झाला. 1929 पासून याहून मोठ्या एकीकरणाची बोलणी चालली. ती चाळीस वर्षं रेंगाळली, कारण प्रश्न खरोखरच अवघड होते. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा खरा की विश्वास धरलेल्या प्रौढाचा? बिशप हवा की नको? शेवटी दोन्ही बाप्तिस्मे मान्य झाले आणि बिशपही आले, पण मंडळ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या सभेसोबत. 29 नोव्हेंबर 1970 ला, नाताळाआधीच्या आगमन काळाच्या पहिल्या रविवारी, नागपुरात सहा ख्रिस्ती पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशियाने मात्र ऐनवेळी पाऊल मागे घेतलं.

आज पास्टरेट (स्थानिक मंडळी), डायोसिझन कौन्सिल आणि सिनॉड (संपूर्ण चर्चची सर्वोच्च सभा) अशी रचना आहे. कौन्सिलमध्ये हिशेब मंजूर होतात, समित्या निवडल्या जातात, बिशपपदासाठी नावं सुचवायलाही मतदान होतं. मिळकतींचे ठरावही येतात आणि तिथेच प्रतिनिधीने सर्वांत सावध असावं. त्या सहा पंथांपैकी एक असलेल्या चर्च ऑफ द ब्रेदरनच्या गुजरातमधल्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एकीकरणाचा ठराव झाला म्हणून जुनी सोसायटी (नोंदणीकृत संस्था) आपोआप विसर्जित होत नाही, कायद्याची रीत पाळावी लागते, असा निकाल 2013 मध्ये लागला. विलीनीकरणानंतर त्रेचाळीस वर्षांनी! हात वर करणाऱ्यांपैकी कितींनी कागद नीट वाचले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मला आलेल्या गठ्ठ्यात मागील सभेचं इतिवृत्त, ताळेबंद आणि अकरा ठराव आहेत. ते मी मंडळीच्या सभेत एकेक करून वाचले. सातव्या ठरावाला जमिनीचा नकाशा जोडलेला नाही, हे एका शेतकरी भावाने दाखवून दिलं. नकाशा टेबलावर आल्याशिवाय या ठरावाला होकार द्यायचा नाही, असं मंडळीने मला सांगितलंय. परत आल्यावर रविवारी सूचनांच्या वेळी दहा मिनिटं माझ्यासाठी राखून ठेवली आहेत. आजींना मी तेव्हाच म्हणालो, “हो आजी, ऐक्यालाच चाललोय.”