जैवइंधन अनुदान, लघुप्रकल्पांसाठी (ठाणे–नवी मुंबई)

ओला कचरा, शेण, पिकांचे अवशेष किंवा वापरलेले खाद्यतेल यांपासून इंधन तयार करणाऱ्या लहान प्रकल्पांना शासनाकडून मिळणारे भांडवली साहाय्य, व्याजसवलत व विक्रीशी जोडलेली मदत यांना व्यवहारात मिळून जैवइंधन अनुदान म्हणतात. ‘लहान’ या शब्दाची सर्व योजनांना लागू पडेल अशी एकच व्याख्या नाही. प्रत्येक योजना आपापली क्षमतामर्यादा ठरवते. ठाणे–नवी मुंबईच्या पट्ट्यात ऊस नाही, त्यामुळे इथेनॉल बनविणाऱ्या आसवन्यांसाठीच्या व्याजसवलतीचा येथे संबंध जवळजवळ येत नाही. येथील कच्चा माल म्हणजे भाजीबाजाराचा व हॉटेलांचा ओला कचरा आणि तबेल्यांचे शेण. म्हणून प्रस्तुत नोंदीत जैववायूला (ओला कचरा वा शेण हवेविना कुजून निघणाऱ्या ज्वलनशील वायूला) अधिक जागा दिली आहे.

इतिहास : भारतातील पहिल्या जैववायू संयंत्राचे साल पाश्चात्त्य ग्रंथांतून पुष्कळदा १८५९ असे दिले जाते आणि स्थळ ‘मुंबईतील कुष्ठरोग्यांची वसाहत’ असे सांगितले जाते. दुसरी परंपरा माटुंग्याच्या निराधार कुष्ठरोगी आश्रमातील संयंत्र १८९७ चे मानते. तेथील मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू दिवाबत्तीसाठी आणि पुढे १९०७ च्या सुमारास इंजिन चालविण्यासाठी वापरला गेला, असे ती सांगते. दोन्ही विधाने एकाच ठिकाणाविषयी असतील, तर १८५९ हे साल टिकणे कठीण आहे, कारण हा आश्रम (आजचे वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय) १८९० मध्ये सुरू झाला. शिवाय इंग्लंडमधील एक्झेटर येथे सेप्टिक टाकीच्या वायूवर दिवे लावण्याचा प्रयोग १८९५ च्या सुमाराचा आहे; माटुंग्याची टाकी त्याच्या पाठोपाठची असणे अधिक सयुक्तिक वाटते. १८५९ हे साल एका ग्रंथातून दुसऱ्यात न तपासता उतरत गेले असावे.

शासकीय अनुदानाच्या आरंभाविषयीही दोन मते आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास शेणावर प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी १९५० नंतर तरंगत्या टोपीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र सिद्ध केले आणि १९६०–६२ च्या दरम्यान खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते स्वीकारून त्याचा प्रसार हाती घेतला. काही अभ्यासक अनुदानाचा इतिहास येथून मोजतात. मात्र केंद्राच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद असलेला, आकारमानानुसार दर ठरलेला कार्यक्रम १९८१–८२ मधील राष्ट्रीय जैववायू विकास प्रकल्पापासून दिसतो. आजच्या योजनांची रचना त्याच्याशीच जुळत असल्याने तो आरंभबिंदू मानणे सोयीचे ठरते. महाराष्ट्रात महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा) ही १९८५ मधील संस्था राज्य अभिकरण म्हणून काम पाहते.

प्रमुख योजना : नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी जाहीर केलेला राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम २०२१–२२ ते २०२५–२६ या मुदतीसाठी होता. पहिल्या टप्प्याची तरतूद ८५८ कोटी रुपये होती : कचऱ्यापासून ऊर्जेसाठी ६००, जैवभारासाठी (पिकांचे अवशेष इत्यादींसाठी) १५८ आणि जैववायूसाठी १०० कोटी. नव्या संकुचित जैववायू (सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेला जैववायू) प्रकल्पास दररोजच्या ४,८०० किग्रॅ. क्षमतेमागे ४ कोटी रुपये, जुन्या जैववायू संयंत्राला शुद्धीकरणाची जोड दिल्यास ३ कोटी, आणि कोणत्याही प्रकल्पास कमाल १० कोटी असे दर होते. नोंदणीकृत गोशाळांना २० टक्के अधिक साहाय्य होते. दुधाचा धंदा करणारा तबेला मात्र गोशाळेत मोडत नाही. १ ते २५ घनमीटरच्या घरगुती संयंत्रांना आकारानुसार ९,८०० ते ७०,४०० रुपये मिळत. त्यांचा उपयोग मुरबाड, शहापूर तालुक्यांत; शहरात क्वचितच.

४,८०० हा आकडा कोठून आला, हे समजल्याशिवाय अर्जातील आकडेमोड जुळत नाही. १ घनमीटर कच्च्या जैववायूपासून ०.४ किग्रॅ. सीबीजी मिळते असे गृहीत धरले आहे. म्हणजे १२,००० घनमीटरचे ४,८०० किग्रॅ. त्यानुसार दररोजच्या एका किलोमागे अनुदान सुमारे ८,३३३ रुपये पडते आणि १० कोटींची मर्यादा १२,००० किग्रॅ.ला गाठली जाते. जमिनीची किंमत या हिशेबात कोठेच येत नाही. ठाणे–बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्यात भूखंडाचा भाव हाच प्रकल्पाचा सर्वांत जड खर्च असतो. उद्योगांना सवलती देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतही मुंबई महानगर प्रदेश विकसित ‘अ’ गटात मोडत असल्याने सवलती सर्वांत कमी आहेत.

राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमातील सीबीजीचे अनुदान यंत्रसामग्रीच्या बिलांवर मिळत नाही. मोजलेल्या इंधनावर मिळते. जून २०२५ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार निम्मी रक्कम प्रदूषण नियंत्रण मंडळाचे चालू करण्याचे संमतीपत्र (कन्सेंट टू ऑपरेट) मिळाल्यावर, तितक्याच बँक हमीच्या बदल्यात देता येते. उरलेली रक्कम प्रकल्पाने नोंदवलेल्या क्षमतेच्या ८० टक्के उत्पादन पाहणीत दाखविल्यावर मिळते. उत्पादन ८० टक्क्यांखाली असल्यास प्रमाणात कपात होते. ५० टक्क्यांखाली गेल्यास काहीच मिळत नाही. अनुदानाची मागणी प्रकल्प सुरू झाल्यापासून किंवा तत्त्वतः मंजुरीपासून, यांपैकी नंतरच्या तारखेपासून १८ महिन्यांत करावी लागते.

क्षमतेचा हिशेब : प्रकल्प अहवालात (डीपीआर) सर्वाधिक घात होतो तो येथे. ‘एक टन ओला कचरा म्हणजे १०० घनमीटर वायू’ हे सूत्र हॉटेलच्या शिजलेल्या अन्नाला बहुतांशी लागू पडते. त्यात २० ते २५ टक्के घनभाग (पाणी वगळून उरणारा भाग) असतो. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील पालेभाजी, कोबी, फ्लॉवर यांत घनभाग १० ते १२ टक्केच असतो. एका टनात सुमारे ११० किग्रॅ. घनभाग, त्यातील ८५ टक्के म्हणजे ९३ किग्रॅ. पचणारा सेंद्रिय भाग, आणि त्याच्या किलोमागे ०.५५ घनमीटर वायू धरल्यास हाती येतात जेमतेम ५० घनमीटर.

दररोज ६० टन भाजीबाजाराचा कचरा मिळेल असे मानू. पहिल्या सूत्राने ६,००० घनमीटर, २,४०० किग्रॅ. सीबीजी आणि २ कोटींचे अनुदान दिसते. प्रत्यक्षात ३,००० घनमीटर व १,२०० किग्रॅ. निघते, म्हणजे बरोबर ५० टक्के. पावसाळ्यात भिजलेला माल आला की उत्पादन या रेषेखाली जाते, पुढचा हप्ता बुडतो आणि आधी उचललेल्या १ कोटीची बँक हमीही धोक्यात येते. त्याऐवजी १,३०० किग्रॅ. क्षमता नोंदवली असती, तर १,२०० किग्रॅ. म्हणजे ९२ टक्के उत्पादनावर सुमारे १ कोटी ८ लाख रुपये निर्धोक मिळाले असते. क्षमता फुगवून पदरात काहीच जास्त पडत नाही, हे उद्योजकाने सल्लागाराला पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे. अहवालापूर्वी किमान तीन ऋतूंतील कचऱ्याचे नमुने घेऊन घनभाग व सेंद्रिय भाग प्रयोगशाळेत तपासणे हा यातील सर्वांत स्वस्त विमा आहे.

पाचक टाकी (जंतू कचरा कुजवून वायू बनवितात ती हवाबंद टाकी) : वरील ६० टनांतून दररोज सुमारे ५,६०० किग्रॅ. सेंद्रिय भाग टाकीत जातो. २५ दिवसांचा मुक्काम धरून १,५०० घनमीटरची टाकी बांधली, तर प्रत्येक घनमीटरवर रोजचा भार ३.७ किग्रॅ. होतो. भाजी व फळे झपाट्याने आंबत असल्याने एकटप्पी टाकीला २ ते २.५ किग्रॅ.पलीकडचा भार सहसा पेलवत नाही. म्हणून २,२०० ते २,८०० घनमीटरची टाकी तरी हवी किंवा आंबवणीची वेगळी टाकी आधी हवी. भार अधिक झाला की आम्ले साचतात, सामू (पीएच) ६.८ खाली उतरतो, मिथेन बनविणारे जंतू मंदावतात आणि वायूत कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो. सामू हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. बाष्पनशील आम्ले (आंबताना साचणारी) व क्षारता (आम्ल पचविण्याची टाकीतील द्रवाची क्षमता) यांचे गुणोत्तर आठवड्यातून दोनदा काढून ते ०.३ ते ०.४ च्या आत ठेवावे. ते चढू लागताच भरणी निम्म्यावर आणावी. चुना ओतून सामू वर आणणे हा तात्पुरता उपाय झाला. जादा चुन्याने टाकीच्या तळाशी खडे बसतात.

पहिली भरणी तबेल्याच्या ताज्या शेणाच्या काल्याने करतात आणि कचरा हळूहळू वाढवीत नेतात. पुढेही १० ते २० टक्के शेण मिसळत राहिल्यास आंबटपणा आवरतो. एप्रिल–मे महिन्यांत आंब्याच्या गरातील साखर आणि पेट्यांतील गवत एकदमच येते : साखर टाकी आंबवते, गवत वर तरंगून साय धरते. सुतळी व प्लास्टिकच्या पट्ट्या ढवळणीच्या दांड्याला गुंडाळतात. लिंबूवर्गीय सालींतील लिमोनीन जंतूंना मारक असल्याने साली वेगळ्या काढाव्यात. बाजार बंद असलेल्या दिवशी भरणी थांबू नये म्हणून दीड ते दोन दिवसांचा काला साठविणारी टाकी लागते; ती बहुतेक आराखड्यांत राहून जाते.

शुद्धीकरण व मोजणी : भारतीय मानक १६०८७ : २०१६ नुसार सीबीजीत मिथेन किमान ९० टक्के, कार्बन डाय-ऑक्साइड कमाल ४ टक्के, ऑक्सिजन ०.५ टक्के आणि हायड्रोजन सल्फाइड घनमीटरमागे २० मिग्रॅ.च्या आत लागते. कोबी, फ्लॉवर व कांदा यांतील गंधकामुळे बाजारकचऱ्याच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड जास्त असते. ते शोषून घेणारा लोहऑक्साइडचा थर अपेक्षेपेक्षा लवकर संपतो आणि तो बदलेपर्यंत प्रकल्प बंद राहू नये म्हणून असा थर भरलेले दोन मनोरे आळीपाळीने चालवावे लागतात. टाकीत थोडी हवा सोडून गंधक बसविण्याची स्वस्त पद्धत जैववायूवर इंजिन चालवणाऱ्यांना ठीक आहे. सीबीजीसाठी ती अंगाशी येते, कारण हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन शेवटच्या वायूत उरतात.

अनुदान किलोवर असल्याने वजनाची नोंद निर्णायक असते. कच्च्या वायूच्या नळीतील उष्णतामापी पद्धतीचा प्रवाहमापक ओलसर वायूत चुकीचे आकडे देतो. त्याच्या आधी पाणी गाळणारा सापळा हवा. संकोचकानंतर (कॉम्प्रेसरनंतर), सिलिंडरसंच भरताना बसविलेला वस्तुमान प्रवाहमापक आणि विक्रीची बिले यांचा मेळ रोज घालावा. मापकाचे प्रमाणीकरण पाहणीच्या तारखेला जिवंत असले पाहिजे.

परवाने व नोंदणी : केंद्र शासनाच्या गोबरधन पोर्टलवरील नोंदणी (जून २०२३ पासून) अन्य लाभांची पूर्वअट आहे. केंद्रीय साहाय्याचा अर्ज बायोऊर्जा पोर्टलवर करतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची व चालू करण्याची संमती, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, औद्योगिक वसाहतीत एमआयडीसीची नकाशामंजुरी, आणि उच्च दाबाच्या सिलिंडरांसाठी पेसोचा (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचा) परवाना लागतो. पेसोचे पश्चिम विभागीय कार्यालय सीबीडी बेलापूरला आहे. खाडीलगतच्या भूखंडावर सागरी किनारा नियमन क्षेत्राची रेषा आधी तपासावी. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे आणि तिच्या एका भागात २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. महापालिकेच्या मालकीच्या प्रकल्पांची वाट वेगळी : स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये १० लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांना केंद्राचा हिस्सा २५ टक्के असतो आणि ठाणे व नवी मुंबई ही दोन्ही शहरे या गटात येतात.

कालवलेला कचरा पचल्यावर तो जवळजवळ तितक्याच वजनाची स्लरी होऊन बाहेर पडतो. गावात ती शेतात जाते, तुर्भे–महाप्यात जाणार कोठे? दाबयंत्राने घनभाग वेगळा करून त्याचे खत विकावे लागते. त्यावर टनामागे १,५०० रुपयांचे बाजारविकास साहाय्य आहे. उरलेल्या पाण्यातील अमोनियाची व्यवस्था आराखड्यातच केलेली नसेल, तर चालू करण्याची संमती अडते आणि तिच्यासोबत अनुदानाचा पहिला हप्ताही.

अन्य इंधने : ब्रिकेट (पिकांचे अवशेष दाबून केलेले ठोकळे), ज्याला बाजारात व्हाइट कोल म्हणतात, त्याला राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात ताशी एक टन क्षमतेमागे ९ लाख, कमाल ४५ लाख रुपये असे साहाय्य होते. पेलेटला (तशाच बारीक गोळ्यांना) ताशी एक टन क्षमतेमागे २१ लाख किंवा यंत्रखर्चाच्या ३० टक्के, यांपैकी कमी ती रक्कम. भाताचा पेंढा व तूस दाबताना ओलावा १० ते १२ टक्के असावा. कोकणच्या दमट हवेत उघड्यावरचा साठा जूनमध्येच हाताबाहेर जातो. तुसातील सिलिका साचा व दट्ट्या झिजवते. अगदी लहान कारखान्यास पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमातून ५० लाखांपर्यंतच्या प्रकल्पावर शहरी भागात सर्वसाधारण गटाला १५ व विशेष गटाला २५ टक्के अनुदान मिळू शकते. मात्र अन्य शासकीय अनुदान घेतलेल्या घटकास ते मिळत नाही.

वापरलेल्या खाद्यतेलाच्या बायोडिझेलला भांडवली अनुदानापेक्षा खरेदीच्या हमीचा आधार आहे. तेल कंपन्यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये शंभर शहरांसाठी मागविलेल्या प्रस्तावांत पहिल्या वर्षी लिटरमागे ५१ रुपये दर होता. एकूण ध्रुवीय संयुगे (पुनःपुन्हा तळल्याने तेलात साचणारे बिघडलेले घटक) २५ टक्क्यांपेक्षा अधिक असलेले तेल १ जुलै २०१८ पासून तळणीस वापरता येत नाही. तेच येथे कच्चा माल ठरते. त्यात मुक्त मेदाम्ले जास्त असल्याने थेट अल्कली घातल्यास साबण होऊन ग्लिसरीन वेगळे होत नाही. आधी आम्लउत्प्रेरित एस्टरीकरण (आम्लाच्या मदतीने त्या मेदाम्लांचे एस्टरमध्ये रूपांतर) करून मगच पुढची पायरी घेतात, आणि तयार माल भारतीय मानक १५६०७ च्या कसोटीस उतरावा लागतो.