बेसिनवरची सहा चित्रं

मिरजेच्या दवाखान्यात कधी ना कधी रात्र काढली नाही असं घर सांगली-साताऱ्याकडे विरळाच. आईजवळ मीही दोन रात्री काढल्या. वॉर्डाच्या दाराशी बेसिन होतं आणि त्यावर हात कसे धुवायचे ते दाखवणारा, लॅमिनेशन केलेला सहा चित्रांचा कागद: तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, बोटांच्या पाठी, अंगठा, शेवटी बोटांची टोकं. नळाला पाणी होतं, साबणही होता. पण नाइट ड्यूटीच्या सिस्टर कॉटला अडकवलेल्या सॅनिटायझरच्या बाटलीवरच भागवत होत्या. हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवायच्या, एक पिचकारी घ्यायची, तळहात चोळायचे, की पुढची कॉट. अंगठे कोरडेच राहायचे. मी मनातल्या मनात मोजलं, सात-आठ सेकंद.

राग यायच्या आधी ही चित्रं आणि ती बाटली आली कुठून, हे पाहिलेलं बरं.

सुरुवात बहुतेक जण व्हिएन्नापासून करतात, आणि ते योग्यच आहे. तिथल्या मोठ्या इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, सुईणींच्या विभागात तिनाच्याही आत. बायका पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून गयावया करत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला उलगडा झाला तो एका मित्राच्या मरणातून. शवविच्छेदन करताना कोलेच्का या सहकाऱ्याला सुरीची जखम झाली आणि बाळंतिणींना होई तसाच ताप येऊन तो गेला. विद्यार्थी शवागारातून थेट बाळंतिणींकडे येत होते. सुईणी शवागारात पाऊलच टाकत नव्हत्या. मे १८४७ मध्ये सेमेलवाइसने दाराशी क्लोरीनचं पाणी ठेवलं, पुढे ब्लीचिंग पावडरचं. आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीत टाकतात तीच पावडर. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये दोनाच्या आसपास आलं.

तरी वरिष्ठांना ते पटलं नाही. आपल्याच हातांनी बायका मेल्या, हे कबूल कोण करणार? १८६५ साली सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात वारला, तोही जंतुसंसर्गानेच. दोन वर्षांनी लिस्टर या ब्रिटिश सर्जनने जखमेतले जंतू मारायची कार्बोलिक ॲसिडची पद्धत प्रसिद्ध केली. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ उघडलं तोवर जंतूंचा वाद मिटलेला होता. म्हणजे मिरजेच्या शस्त्रक्रियेला ‘हात कशाला धुवायचे’ या भांडणातून जावं लागलं नाही. प्रश्न उरला तो कसे आणि किती वेळा धुवायचे, एवढाच. तो अजून उरलेलाच आहे.

‘कसे’चं उत्तर म्हणजे ती सहा चित्रं. त्यांचं मूळ १९७८ सालच्या ब्रिटनमधल्या कामात आहे. आयलिफ हे जंतुशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगवेगळी जंतुनाशकं तपासायची होती. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने हात चोळले तर तुलना कशी होणार? म्हणून चोळण्याच्या हालचाली ठरवून दिल्या. थोडक्यात, प्रयोगशाळेची शिस्त पुढे वॉर्डाची शिस्त झाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्येच परिचारिकांच्या हातांना रंग लावून पाहिलं, तर अंगठे आणि बोटांची टोकं सुटत होती. माझ्या सिस्टरही तिथेच चुकत होत्या.

‘किती वेळा’ हे जास्त अवघड. साबण-पाण्याने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. आयसीयूत हात स्वच्छ करण्याची गरज तासाला वीसच्या घरात जाते. हिशेब करा: तासातली पंधरा-वीस मिनिटं नुसती बेसिनवर. बेसिन वॉर्डाच्या टोकाला असेल तर चालणं वेगळंच. जिनिव्हात डॉक्टर दिदिए पितेत यांनी हे ओळखलं आणि अल्कोहोलची बाटली थेट कॉटपाशी आणली. २० ते ३० सेकंदांत काम होतं. १९९४ मध्ये तिथे गरज असेल तेव्हा हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्के होतं, १९९७ मध्ये ते ६६ झालं. इस्पितळात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण त्या काळात १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच. शंभर पोस्टरांनी जे झालं नाही ते बाटलीची जागा बदलून झालं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या द्रावणाची कृतीच देऊन टाकली: ८० टक्के इथेनॉल, हात फुटू नयेत म्हणून थोडं ग्लिसरॉल, बाटलीतले बीजाणू, म्हणजे जंतूंची चिवट कवचबंद रूपं, मारायला किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला यात नवल नाही. २०२० साली इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले त्या दिवसांत राज्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी सॅनिटायझर बनवायला घेतलं. मळीतून निघालेलं अल्कोहोल एरवी कुठे जातं ते आपल्याला ठाऊक आहेच.

मग सहा चित्रं खरंच लागतात का? २०१६ मध्ये ग्लासगोत डॉक्टर-नर्सेसवर तपासलं. सहा टप्प्यांनी जंतू जास्त कमी झाले, पण वेळ ४२.५ सेकंद लागला. तीन टप्प्यांच्या सोप्या पद्धतीला ३५. आणि सूचना समोर, निरीक्षक शेजारी असतानाही सहाही टप्पे ६५ टक्क्यांनीच पूर्ण केले. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये तीनच टप्पे, पण बोटांची टोकं आणि अंगठ्यावर भर देऊन करून पाहिले. ते सहा टप्प्यांपेक्षा कमी पडले नाहीत, आणि लोकांनी ते जास्त नीट पाळले.

बेसिन मात्र भिंतीवर राहणारच. हात रक्ताने वा घाणीने माखले की अल्कोहोल पुरत नाही. जुलाब लावणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या बीजाणूंवरही ते चालत नाही, तिथे साबण-पाणीच हवं. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला शेजारच्या कॉटवरच्या आजोबांची चादर बदलून सिस्टर सरळ बेसिनकडे गेल्या. बांगड्या वर सरकवल्या, साबण घेतला. अंगठेही चोळले.