गाठ निघाली, आता जखमेकडे बघा

मोठ्या आतड्यातली गाठ पोट न उघडता, दुर्बिणीतून तारेचा फास टाकून कापण्याची सुरुवात 1969 साली न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी केली. आज हे रोजचं काम झालंय. पण आतड्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड, आणि उजवीकडे अपेंडिक्सजवळ तर आणखी पातळ. म्हणून मोठी गाठ कापण्याआधी तिच्याखाली निळा रंग मिसळलेलं सलाइन टोचून तिला वर उचलतात.

खरी परीक्षा कापल्यानंतर सुरू होते. जखमेचा तळ एकसारखा निळा दिसला तर ठीक. पण कापलेल्या तुकड्याच्या खालच्या बाजूला पांढरट गोल चकती दिसली, की गाठीबरोबर आतड्याच्या भिंतीतला स्नायूचा थरही निघालाय, म्हणजे तिथे छिद्र पडलंय किंवा पडू शकतं. याला 'टार्गेट साइन' म्हणतात. ते तिथल्या तिथे ओळखलं, तर त्याच दुर्बिणीतून धातूच्या क्लिपा लावून जखम मिटवता येते आणि बहुतेकदा शस्त्रक्रिया टळते. तेच छिद्र दुसऱ्या दिवशी पोट कडक झाल्यावर कळलं, तर घाण पोटात पसरलेली असते. एवढ्यासाठी तरी डॉक्टरांनी तुकडा उलटा करून बघायलाच हवा! आतडं फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, तोही यासाठीच: छिद्रातून पोटात गेला तरी तो लवकर शोषला जातो.

छिद्रापेक्षा रक्तस्राव जास्त वेळा होतो. कापताना झाला तर रक्तवाहिनी शेकून (विजेच्या उष्णतेने बंद करून) किंवा क्लिप लावून थांबवतात. फसवा तो उशिराचा, दोन आठवड्यांपर्यंत कधीही होणारा. तो पुष्कळदा आपोआप थांबतो, तरी रुग्णालय गाठावंच. 20 मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठींवर झालेल्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लिपांनी जखम मिटवल्यावर उशिराचा रक्तस्राव साधारण 7 टक्क्यांवरून 3.5 टक्क्यांवर आला. फायदा दिसला तो मात्र उजव्या बाजूच्या गाठींत. सरसकट सगळ्यांना क्लिपा लावणं म्हणजे उगाच खर्च.

कधी ताप येतो, पोट एकाच जागी दुखतं, पण सीटी स्कॅनमध्ये आतड्याबाहेर हवा दिसत नाही, म्हणजे छिद्र पडलेलं नसतं. शेकण्याची आच खोलवर गेल्याचा हा परिणाम. उपाशी ठेवून, सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन तो बहुधा बरा होतो. घाईने पोट उघडायचं कारण नसतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, चालूही करू नका. गाठ कुठे होती, केवढी होती, क्लिपा लावल्या का, हे लिहिलेला कागद जवळ ठेवा. क्लिपा काही आठवड्यांत आपोआप गळतात, काही जास्त काळ टिकतात. मध्येच एमआरआय काढायची वेळ आली तर तिथे आधी सांगा.