उंच टाचेची पादत्राणे

टाच चवड्यापेक्षा ठळकपणे वर उचलून धरणाऱ्या चपला, बूट किंवा सँडल यांना उंच टाचेची पादत्राणे म्हणतात. बोलण्यात ‘हाय हील्स’ किंवा नुसत्या ‘हील्स’. किती उंचीला उंच म्हणायचे याचे एकच माप नाही. साधारणपणे ५ सेंमी.च्या आतली टाच बुटकी आणि ७-८ सेंमी.च्या पुढची उंच धरली जाते. तळ सगळीकडे सारखाच जाड असेल (प्लॅटफॉर्म), तर माणूस उंच दिसतो, पण पायाचा उतार बदलत नाही. हील्सची ऐट आणि हील्सची दुखणी, दोन्ही या उतारातून येतात.

स्त्रियांना हील्स अजून घालाव्याशा वाटतात का, हा प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. त्यात एक गल्लत असते. ‘घालाव्याशा वाटणे’ आणि ‘घालाव्या लागणे’ या दोन गोष्टी इतकी वर्षे एकाच जोडात राहिल्या, की खुद्द घालणारीलाही त्या वेगळ्या काढणे जड जावे.

घोडा, राजा आणि मग बाई

मराठीत घोड्याला टाच मारतात. हील्सचा इतिहासही घोड्यापासूनच सुरू होतो. इराणी घोडेस्वार टाचेचे बूट वापरत, कारण रिकिबीत उभे राहून बाण सोडताना टाच रिकिबीला अडून बसे आणि पाय पुढे निसटत नसे. हे बूट चालण्यासाठी नव्हतेच. इराणचा बादशहा शाह अब्बास पहिला याने १५९९ मध्ये युरोपातल्या दरबारांकडे शिष्टमंडळ पाठवले, तिकडे इराणी वस्तूंची टूम निघाली आणि उमरावांच्या बुटांना टाचा फुटल्या. ज्याला चिखलात उतरून काम करायचे नाही त्यालाच असला बूट परवडतो, हे कुणी सांगायची गरज नव्हती. गैरसोय हीच प्रतिष्ठेची खूण ठरली.

इयासिंत रिगो या चित्रकाराने १७०१ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे भव्य चित्र रंगवले. साठी ओलांडलेला राजा जड झगा एका बाजूला सारून, पांढऱ्या मोज्यातली पोटरी मुद्दाम पुढे काढून उभा आहे, आणि बुटांच्या टाचा लालभडक आहेत. आज एखादी अभिनेत्री छायाचित्रकारांसमोर एक पाय पुढे टाकून जशी उभी राहते, तशीच ही ढब. लाल टाच त्या दरबारात बड्या मानकऱ्यांची निशाणी होती.

स्त्रियांकडे टाच आली ती नखरा म्हणून नव्हे. १६३०च्या सुमारास युरोपातल्या श्रीमंत घरच्या स्त्रियांत पुरुषी वेशातल्या काही गोष्टी उचलण्याची लाट होती. केस कापणे, पुरुषी हॅट, पाइप ओढणे, या यादीत टाचेचे बूटही होते. म्हणजे आज जी वस्तू बायकीपणाचा अर्क समजली जाते, ती बायकांनी पहिल्यांदा घातली पुरुषी दिसण्यासाठी! टोरांटोच्या बाटा शू म्युझियमच्या एलिझाबेथ सेमेलहॅक यांनी हा इतिहास बारकाईने मांडला आहे. त्याआधी व्हेनिसच्या स्त्रिया ‘चोपीन’ नावाचे लाकडी किंवा बुचाचे ओटे पायाखाली बांधत; त्यांतले काही तब्बल ५० सेंमी. उंच आहेत आणि ते घालून चालताना आधाराला दासी लागे. पण चोपीन हा प्लॅटफॉर्मचा प्रकार, टाचेचा नव्हे.

पुढे पुरुषांची टाच रुंद व ठेंगणी होत गेली, बायकांची बारीक व उंच. १७४०च्या सुमारास पुरुषांनी ती जवळजवळ सोडूनच दिली. पुरुष म्हणजे विचारी, व्यवहारी, त्याला असली सजावट शोभत नाही, असे मत तोवर रुजले होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर काही दशके स्त्रियांच्या पायांतही सपाट जोडे आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टाच परतली ती मात्र फक्त बायकांसाठी. पुरुषांकडे ती उरली घोडेस्वारीच्या आणि काउबॉयच्या बुटांत, म्हणजे जिथून निघाली तिथेच.

पोलादाची सळई

लाकडाची टाच फार बारीक करता येत नाही, मोडते. १९५०च्या दशकात टाचेच्या आत धातूची सळई घालण्याचे तंत्र रुळले आणि पेन्सिलीएवढी टाच शक्य झाली. पॅरिसच्या दिओर या फॅशन-घराण्यासाठी रोजे व्हिव्हिए आणि इटलीत साल्व्हातोरे फेरागामो ही नावे या टाचेशी जोडली जातात. तिला नाव पडले ‘स्टिलेटो’, म्हणजे इटालियन भाषेत बारीक पात्याची कट्यार. चवड्याच्या मागे, पायाच्या कमानीखाली, तळात आणखी एक पोलादी पट्टी असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्याशिवाय बूट मधोमध लवून मोडेल. उंच टाचेच्या जोडाचा बरेवाईटपणा बऱ्याच अंशी या पट्टीवर ठरतो. रंग आणि चामडे नंतर.

टाचेच्या टोकाला रबराची किंवा प्लॅस्टिकची छोटी चकती असते. ती झिजली की आतली खिळ्यासारखी धातूची दांडी फरशीवर टकटक वाजू लागते, आणि ज्या घरात कुणी हील्स वापरते तिथे हा आवाज ओळखीचा असतो. चकती बदलणे पाच मिनिटांचे काम, पण ते लांबणीवर पडते आणि मग टाचच तिरकी होते.

या टोकाचे गणित सोपे आहे. ५० किलो वजनाची स्त्री चालताना क्षणभर एकाच टाचेवर आली आणि ते टोक १ चौ. सेंमी. असले, तर त्या चौरस सेंटिमीटरवर ५० किलोंचा भार येतो. हत्तीचे वजन कैक टन, पण पाय इतके रुंद, की दर चौ. सेंमी.वर जेमतेम किलोभर भार पडतो. स्टिलेटो आल्यावर लाकडी जमिनींना, विमानांच्या आतल्या जमिनींना खळगे पडू लागले ते यामुळे. ग्रीसने २००९ मध्ये प्राचीन वास्तूंच्या आवारात हील्सना बंदी केली, तिथेही संगमरवर हेच कारण होते.

पायाचे काय होते

अनवाणी उभे राहिल्यावर शरीराचा बराच भार टाचेवर असतो. टाच जसजशी वर जाते तसतसा तो चवड्याकडे सरकतो आणि पाऊल उतारावरून घसरून बुटाच्या निमुळत्या टोकात रुतते. बोटे एकमेकांवर चढतात, कुरुपे होतात, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येते (याला आनुवंशिक कारणेही असतात), बोटांमधली नस जाड होऊन चालताना विजेसारखी कळ येते. घोटा मुरगळण्याची भीती वेगळीच. संध्याकाळी जोडा काढल्यावर चवड्यावर उमटलेले लाल पट्टे आणि थंड फरशीवर पाऊल टेकवताना निघणारा सुस्कारा हा कुठल्याही वैद्यकीय अहवालापेक्षा बोलका पुरावा आहे.

तरी अहवाल पाहण्यासारखे आहेत. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका छोट्या अभ्यासात, उंच टाचेने चालताना गुडघ्याच्या काही भागांवरचा ताण २३ टक्क्यांनी वाढलेला आढळला. त्याच गटाने पुढे रुंद टाच तपासली, तर तिनेही गुडघ्याची सुटका होत नव्हती. रुंद टाच तोल सांभाळायला बरी, पण गुडघ्याला तिचा उपयोग नाही. हील्समुळेच पुढे संधिवात होतो, असे मात्र या मोजमापांवरून सिद्ध होत नाही.

२०१०चा एक अभ्यास या नोंदीच्या मुख्य प्रश्नाला अधिक जवळचा आहे. वर्षानुवर्षे नियमित हील्स घालणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीचे स्नायुतंतू सुमारे १३ टक्क्यांनी आखूड झालेले आणि टाचेमागचा कंडरा जाड व ताठर झालेला आढळला. अशा स्त्रीने सपाट चप्पल घातली की पोटरी ताणली जाते आणि दुखते. “मला हील्सशिवाय बरेच वाटत नाही” हे तिचे म्हणणे खोटे नसते. ते तिच्या स्नायूंचे म्हणणे असते. आवड आणि सवय यांची सीमारेषा इथे शब्दशः मांसात आखलेली आहे.

दिसण्याबद्दल बोलायचे, तर पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये केलेला प्रयोग चतुर होता. चालणाऱ्या स्त्रियांच्या शरीरावर प्रकाशबिंदू लावून पाहणाऱ्यांना फक्त ते हलणारे ठिपके दाखवले. चेहरा नाही, कपडे नाहीत, पाय नाहीत. हील्समधली चाल (आखूड पावले, कमरेची जास्त हालचाल) स्त्री आणि पुरुष दोघांनीही अधिक आकर्षक ठरवली. याउलट, हील्सवाल्या स्त्रीला पुरुष जास्त मदत करतात असे सांगणारा एक फ्रेंच शोधनिबंध जगभर छापून आला, पण संशय घेतला गेल्यावर नियतकालिकाने तो मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी अर्थातच तितकी फिरली नाही.

टाच नाही म्हणून पगारावर टाच

डिसेंबर २०१५ मध्ये लंडनच्या एका कार्यालयात स्वागतकक्षात कामाला आलेल्या निकोला थॉर्प यांना, पायात सपाट जोडे आहेत म्हणून, बिनपगारी घरी पाठवले गेले. नियम होता २ ते ४ इंच टाचेचा. अशा सक्तीविरुद्धच्या त्यांच्या अर्जावर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि मार्च २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेत चर्चा झाली. सरकारने नवा कायदा केला नाही. समानतेचा आहे तो कायदा पुरेसा आहे, असे उत्तर दिले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आणि फिलिपिन्सने मात्र त्याच वर्षी कामावर हील्सची सक्ती करण्यास मनाई केली.

जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावा यांनी ‘कूटू’ चळवळ सुरू केली. ‘कुत्सु’ म्हणजे बूट, ‘कुत्सू’ म्हणजे वेदना आणि वर ‘मी टू’ची छाया, असा तिहेरी श्लेष. तिथल्या कामगारमंत्र्यांनी, कामाच्या दृष्टीने ‘आवश्यक आणि योग्य’ असेल तर हील्स समाजात स्वीकारार्ह आहेत, अशा अर्थाचे उत्तर दिले आणि चळवळीला आयतेच बळ मिळाले. पुढच्या वर्षी जपान एअरलाइन्सने हवाई सेविकांवरची ही अट काढून टाकली.

या तक्रारी नव्या नाहीत. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत सौंदर्यस्पर्धेविरुद्ध निदर्शने करणाऱ्या स्त्रियांनी कचऱ्याच्या पिंपात ज्या वस्तू टाकल्या, त्यांत पोछे आणि काचोळ्यांबरोबर हील्सही होत्या. पण रोजच्या पायांपुरते बोलायचे तर, एप्रिल १९८०चा न्यूयॉर्कमधला अकरा दिवसांचा वाहतूक संप अधिक परिणामकारक ठरला. नोकरदार स्त्रिया कचेरीच्या कपड्यांवर खेळाचे बूट घालून मैलोन्‌मैल चालत गेल्या, हील्स पिशवीत. संप मिटला, पिशवी राहिली. चालायचे एका जोडात आणि दिसायचे दुसऱ्या, ही विभागणी तेव्हापासून उघड्यावर आली.

आज

अमेरिकेत २०१७ मध्ये हील्सची विक्री १२ टक्क्यांनी घटली आणि स्त्रियांच्या स्नीकर्सची ३७ टक्क्यांनी वाढली, असे बाजारपाहणीत दिसले. म्हणजे घसरण करोनाच्या आधीची. टाळेबंदीत तर कारणच उरले नाही. हील्समुळे झालेल्या दुखापतींसाठी तिथल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत वर्षाला साधारण १६,००० जणी येत, त्या २०२० मध्ये ६,३०० च्या आत आल्या. महिनोन्‌महिने कुणी बघायला नव्हते तेव्हा किती जणींनी घरातल्या घरात हील्स घातल्या, याचे उत्तर हाच आकडा देतो.

पण टाळेबंदी उठल्यावर लग्नसमारंभ आणि मेजवान्या सुरू झाल्या तशा हील्सही कपाटातून निघाल्या. घटली ती रोजची हील, प्रसंगाची नव्हे. कचेरीत सपाट जोडा, बुटका ‘किटन हील’ किंवा स्नीकर आता चालून जातो. औपचारिक समारंभात अजून पुरता चालत नाही. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात २०१५ साली सपाट चपला घातलेल्या काही स्त्रियांना लाल गालिच्यावरून परत पाठवल्याचा गवगवा झाला, पुढच्या वर्षी अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स तिथे अनवाणी आल्या आणि २०१८ मध्ये अभिनेत्री क्रिस्टन स्ट्यूअर्ट यांनी सर्वांदेखत हील्स काढून हातात घेतल्या.

जिथे सक्ती कधी नव्हती तिथे हील्सचे काय झाले, हे पाहिले तर हौस स्वच्छ दिसते. टँगो नाचणाऱ्या स्त्रीला टाच हवी असते, कारण त्या नाचात तोल चवड्यावर ठेवावा लागतो. नाचाच्या हील्सचा तळ मऊ चामड्याचा आणि लवचिक, घोट्याला पट्टा, टाच पावलाच्या मध्याकडे सरकवलेली. साध्या पार्टीच्या जोडात तसे नाचू गेले तर पाय मुरगळलाच म्हणून समजा. नुसते हील्समध्ये नाचणे शिकवणारे वर्ग आता वेगळे निघाले आहेत आणि त्यांत पुरुषही येतात. रंगमंचावर स्त्रीवेश करणारे कलाकार तर मोठ्या मापाच्या स्टिलेटो मुद्दाम बनवून घेतात. उंची कमी असलेल्या कित्येक जणी सरळ सांगतात, की समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बोलता येते म्हणून घालतो. हौसेला मोल नसते, आणि या हौसेचे मोल पायांनीच मोजायचे असल्याने ते मोजणारीला चांगले ठाऊक असते.

कॅलिफोर्नियातल्या कार्मेल-बाय-द-सी या गावात १९६३ पासून एक नियम आहे. दोन इंचांहून उंच आणि तळाला एक चौरस इंचाहून लहान टाच घालून रस्त्यावर फिरायचे, तर नगरपालिकेचा परवाना लागतो. झाडांच्या मुळांनी पदपथ उचकटलेले असल्यामुळे कुणी पडले तर दावा लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. आजवर नियम मोडला म्हणून कुणाला पकडत नाहीत. परवाना मात्र अजून फुकट मिळतो, आणि स्नीकर घालून आलेल्या प्रवासी बायका तो आठवण म्हणून घरी घेऊन जातात.