नोकरी नवी आणि दिवस गेलेले: प्रसूती रजेची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

वाळूजच्या औषध कंपनीत पॅकिंगला लागलेली मुलगी, जालन्याच्या बियाणे कंपनीतली प्रयोगशाळा सहायक, लातूरच्या क्लासमधली शिक्षिका, नांदेडच्या खासगी दवाखान्यातली नर्स. नोकरीला तीन-चार महिने झालेत आणि बाळंतपण जवळ आलंय, असं कळलं की ऑफिसातून ठरलेलं उत्तर येतं: "अजून प्रोबेशन आहे, रजा बसत नाही." कायद्यात प्रोबेशन असा निकषच नाही. निकष आहे भरलेल्या दिवसांचा, आणि ते मोजायचे कुठून कुठपर्यंत, हे बहुतेक ऑफिसांत चुकतं.

प्रसूती लाभ अधिनियम 1961 चा. 2017 च्या दुरुस्तीनं रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये सामावला आहे. 26 आठवडे, 80 दिवसांची अट आणि 3,500 रुपयांचा वैद्यकीय बोनस या गोष्टी तिथेही तशाच आहेत. त्यामुळे "जुना कायदा रद्द झाला" असं कुणी म्हणालं तर घाबरायचं कारण नाही. कारखान्यांना हा नियम लागू आहेच, आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांना, आस्थापनांनाही. दहाचा आकडा मोजताना बायका-पुरुष सगळे धरायचे.

80 दिवस कसे मोजायचे

डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत, याच मालकाकडे, किमान 80 दिवस काम झालेलं हवं. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. मोजणी प्रसूतीच्या तारखेपर्यंत होते, अर्जाच्या तारखेपर्यंत नाही. अर्ज दिला त्या दिवशी 60 भरले असतील तरी रजेवर जाईपर्यंत 80 होणार असतील तर हक्क बसतो. कायद्यानं दिलेल्या पगारी सुट्ट्या आणि ले-ऑफचे (काम नाही म्हणून मालकानं बसवून ठेवलेले) दिवसही यात धरतात. दुकाने व आस्थापना कायद्याखाली वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. तुमच्याकडे 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्या आठात असेल तर तोही एक दिवस. साप्ताहिक सुट्टी मात्र सहसा मालक धरत नाहीत, म्हणून हिशोब करताना ती सोडूनच करावा.

उदाहरण घेऊ. 1 जून 2026 ला रुजू, आठवड्याला सहा दिवस काम, अपेक्षित तारीख 15 नोव्हेंबर. जूनचे 26, जुलैचे 27, ऑगस्टचे 26 (15 ऑगस्ट धरून). एकही खाडा नसेल तर 80 वा दिवस 1 सप्टेंबरला येतो. प्रसूतीआधी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा घेता येते, म्हणजे 20 सप्टेंबरपासून. सगळं बसलं.

आता तीच बाई 1 ऑगस्टला रुजू झाली असती तर 80 वा दिवस 2 नोव्हेंबरला आला असता. आठव्या महिन्यात रजेवर गेली तर निम्मेच दिवस भरतात आणि 26 आठवड्यांचा पगार हातचा जातो. अशा वेळी प्रसूतीआधीची रजा कमी घ्यावी आणि नंतरची वाढवावी. 26 चे 26 आठवडे बाळंतपणानंतर घेतले तरी चालतात. तब्येत साथ देत नसेल तर हा हिशोब बाजूला ठेवून डॉक्टरांचं ऐकावं, हे सांगायला नको. पण हलकं काम मागता येतं. प्रसूतीआधीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा एक महिना, तिनं मागणी केल्यास, फार वेळ उभं राहण्याचं किंवा अंगमेहनतीचं काम देता येत नाही, आणि काम हलकं दिलं म्हणून पगार कापता येत नाही.

ठेकेदारामार्फत कामाला असलेल्यांनी एक पाहावं. गेट तेच, मशीन तेच, पण मध्येच ठेकेदार बदलला की हजेरीपत्रक नव्या नावानं सुरू होतं आणि "आमच्याकडे 80 भरले नाहीत" हा वाद लागतो. जुन्या ठेकेदाराकडच्या पगारचिठ्ठ्या, गेटपास, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी जपून ठेवाव्यात. रोजंदारीवरच्या, मस्टरवरच्या महिलांनाही हा लाभ आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 मध्येच दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितलंय. करार रजेच्या मधेच संपत असेल तरी लाभ पूर्ण मुदतीचा मिळतो, हा 2023 चा निकाल.

विम्याचं कार्ड असेल तर

महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल आणि पगारातून 0.75 टक्का कापला जात असेल, तर तुम्ही कर्मचारी राज्य विम्यात आहात. मग रजेचा पगार मालक देत नाही, ईएसआयसी (हा विमा चालवणारं महामंडळ) थेट बँक खात्यात देते, तोही 26 आठवड्यांचा. मात्र इथली अट वेगळी आहे: आधीच्या लागोपाठच्या दोन अंशदान कालावधींत मिळून 70 दिवसांचं अंशदान, म्हणजे पगारातून विम्याची कपात. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. आयुष्यात पहिल्यांदाच विम्यात आलेल्या कामगाराचा लाभ कालावधी (ज्यात पैसे मागता येतात तो काळ) नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो.

नव्या नोकरदार बाईचा घोळ नेमका इथे होतो. वरच्या उदाहरणात 1 जूनला लागलेलीचा विमा लाभ 1 मार्च 2027 ला सुरू होणार आणि बाळंतपण नोव्हेंबरमध्ये. ईएसआयसी दावा नाकारते. मालक म्हणतो, "तुम्ही विम्यात आहात, आमचा संबंध नाही." दोघांच्या मध्ये बाई अडकते. पण कायद्यात याची सोय आहे. 1961 च्या कायद्याचं कलम 5-अ हेच सांगत होतं आणि संहितेतही ती तरतूद आहे: विम्याच्या लाभाला पात्र होईपर्यंत, 80 दिवस भरले असतील तर, पैसे मालकानंच द्यायचे. ईएसआयसीनं दावा नाकारल्याचं पत्र किंवा पोर्टलवरची नोंद छापून मालकाच्या अर्जाला जोडावी. त्याशिवाय बरेच हिशोबनीस पुढं सरकत नाहीत.

याच्या उलटही होतं. आधी दुसऱ्या कंपनीत विम्यात असाल तर तिथले दिवस 70 मध्ये धरतात, कारण विमा क्रमांक माणसाचा असतो, कंपनीचा नाही. म्हणून रुजू होताना जुना क्रमांक आवर्जून द्यावा. कंपनीनं घाईत नवा क्रमांक काढला की आधीचं अंशदान त्याला जोडलेलं दिसत नाही आणि दावा अडतो. थोडक्यात, 80 दिवसांना जुना मालक चालत नाही, 70 दिवसांना चालतो.

अर्ज आणि कागद

नियुक्तीच्या वेळीच प्रसूती लाभांची माहिती लेखी आणि ई-मेल किंवा मोबाइलवर देणं मालकाचं कर्तव्य आहे. ती मिळाली नसेल तर एचआरकडे मागावी. पुढं वाद झाला तर ही मागणीच पुरावा होते. उलट, रुजू होतानाच्या फॉर्मवर पाळीच्या तारखा किंवा गरोदर आहात का, असं विचारणं गैर आहे. नीरा माथुर प्रकरणात 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आयुर्विमा महामंडळाला असले रकाने फॉर्ममधून काढायला लावले, आणि गरोदरपण लपवलं म्हणून प्रोबेशनमध्ये काढलेल्या बाईला परत कामावर घ्यायला लावलं.

रजेची सूचना लेखीच द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर "मॅडम, मी पुढच्या महिन्यात सुट्टीवर जाईन" एवढ्यानं भागत नाही. मजकूर साधा चालतो:

"मी आपल्या आस्थापनेत दि. ___ पासून ___ या पदावर काम करते. डॉक्टरांच्या दाखल्यानुसार माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख ___ आहे. मी दि. ___ पासून प्रसूती रजेवर जात आहे. या काळात मी दुसरीकडे कुठेही काम करणार नाही. लाभाची रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. माझ्या गैरहजेरीत ती ___ (नातं ___) यांना द्यावी."

दुसरीकडे काम न करण्याचं वाक्य नुसतं शोभेचं नाही. रजेत दुसऱ्या क्लासवर तास घेतले किंवा दुसऱ्या दवाखान्यात शिफ्ट केली, तर तेवढ्या काळाचा लाभ जातो.

अर्जासोबत नोंदणीकृत डॉक्टरांचा अपेक्षित तारखेचा दाखला, नियुक्तीपत्राची प्रत, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, पासबुकचं पहिलं पान आणि आधार जोडा. दोन प्रती करा. एकीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवून पोहोचल्याची पावती घ्या. सूचना आधी द्यायची राहून गेली तरी प्रसूतीनंतर देता येते, हक्क बुडत नाही.

प्रसूतीआधीच्या रजेचे पैसे आगाऊ आणि उरलेले प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत द्यायचे असतात. दर काढताना रजेआधीच्या तीन महिन्यांची रोजची सरासरी धरतात, आणि आठवडा सात दिवसांचा, रविवारसकट. रोज 600 असेल तर 182 दिवसांचे 1,09,200 रुपये. रविवार वगळून 156 दिवसांचे 93,600 काढून देणारे हिशोबनीस भेटतात. सातचा आठवडा हा 1977 च्या निकालानं मिटलेला प्रश्न आहे. दवाखान्याची सोय मालकानं फुकट केली नसेल तर 3,500 वेगळे.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यानं कागदांची एक वेगळीच गुंतागुंत होते. आधारवर माहेरचं नाव, नियुक्तीपत्रावर सासरचं, डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी ऐकून लिहिलेलं तिसरंच. दवाखान्यात भरती होतानाच आधारवरचं नाव लिहायला सांगावं आणि पासबुकवरही तेच असल्याची खात्री करावी. जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते, 21 दिवसांत फुकट. गंगाखेडला जन्मलेल्या बाळाचा दाखला संभाजीनगरला मिळत नाही, म्हणून माहेरहून निघण्याआधीच काढून घ्यावा.

बसत नसेल तर, आणि मालक देत नसेल तर

80 दिवस भरलेच नाहीत तर पगारी रजा मिळत नाही. तरीही प्रसूतीनंतर सहा आठवडे कुठल्याही बाईला कामावर ठेवता येत नाही. परतल्यावर बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला सुट्टी असते. 50 किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघर हवं आणि तिथं दिवसातून चारदा जाता आलं पाहिजे. 80 दिवस न भरलेल्या बाईनं आशाताई किंवा अंगणवाडीतून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा अर्ज करावा: पहिल्या अपत्याला 5,000 रुपये दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाली तर 6,000. पगारी प्रसूती रजा घेतलेल्यांना ही योजना नाही. बीड-धाराशिवच्या ऊसतोडीच्या कोयत्यावरच्या बाईला या सगळ्यातलं हाती लागण्यासारखं एवढंच, कारण तिची हजेरीच कुठं लागत नाही.

दोन अपत्यं हयात असतील तर रजा 12 आठवडे, त्यातली प्रसूतीआधी सहा. गर्भपात झाल्यास दाखल्यावर सहा आठवडे.

रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. गरोदरपणात आधीच काढून टाकलं तरी, गंभीर गैरवर्तनाचा लेखी आदेश नसेल तर, लाभाचा हक्क शाबूत राहतो. आदेशाविरुद्ध 60 दिवसांत दाद मागायची असते. ही मुदत "बघू, समजुतीनं मिटेल" यात निघून जाते. तक्रार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात द्यावी. सोबत सूचनेची शिक्का असलेली प्रत, हजेरीचा पुरावा आणि मागणी केलेल्या रकमेचा हिशोब जोडावा. वकील परवडत नाही म्हणून थांबू नये: जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो.