विम्याच्या अर्जात फॅमिली डॉक्टरचा रकाना कुठून आला?

आरोग्य विम्याच्या अनेक योजनांमध्ये नाव नोंदवताना एक रकाना भरावा लागतो: तुमचा नेहमीचा डॉक्टर कोण? योजना डॉक्टरांची यादी देते, त्यातलं एक नाव निवडायचं. रकाना रिकामा सोडला, तर काही योजना आपणहून कुणाचं तरी नाव लावून मोकळ्या होतात. बहुतेक लोक जवळचा पत्ता बघून खूण करतात आणि विसरून जातात. पुढे तज्ज्ञाकडे जायची वेळ आली, तपासण्यांचा खर्च मंजूर करून घ्यायची वेळ आली, की कळतं, सगळ्या वाटा त्या एका नावावरून जातात.

हा रकाना कुणा कारकुनाच्या सोयीसाठी आलेला नाही. त्यामागे शंभराहून अधिक वर्षांची ओढाताण आहे. डॉक्टर कुणी निवडायचा, पैसे देणाऱ्यानं की आजारी माणसानं, हा तिचा गाभा.

जर्मनीत १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाचा सक्तीचा विमा सुरू झाला. वर्गणीचा दोन तृतीयांश वाटा कामगाराचा, एक तृतीयांश मालकाचा. पैसा जमा होई तो स्थानिक आजारपण निधींकडे आणि हे निधी स्वतः डॉक्टर नेमत. कामगारानं त्याच डॉक्टरकडे जायचं, दुसऱ्याकडे गेल्यास पैसे मिळणार नाहीत. डॉक्टरांची स्थितीही फार बरी नव्हती. निधीची मर्जी राखायची, ठरवून दिलेल्या मोबदल्यात रांगच्या रांग तपासायची, आणि निधीनं करार मोडला तर त्या गावातला आपला धंदा बसला असं समजायचं. १९०० साली लाइपझिगमध्ये हेरमान हार्टमान यांनी डॉक्टरांची संघटना उभी केली. रुग्णाला डॉक्टर निवडायची मोकळीक हवी, ही तिची एक प्रमुख मागणी होती.

या मागणीत डॉक्टरांचा स्वतःचा फायदा होता, हे मान्य करायला हवं. मोकळी निवड म्हणजे निधीच्या दारात ताटकळणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला विम्याचे रुग्ण मिळणार. तरीही मागणी खरी होती आणि ती रुग्णाच्याही कामाची होती. १९१३ च्या अखेरीस देशभर संप होण्याची वेळ आली, तेव्हा बर्लिनमध्ये तडजोड झाली. डॉक्टर कोण असावेत हे निधीनं एकट्यानं ठरवायचं नाही, डॉक्टरांच्या प्रतिनिधींसह ठरवायचं; आणि १३५० विमाधारकांमागे निदान एक डॉक्टर असायलाच हवा. किती माणसांमागे किती डॉक्टर, याचा हिशेब विम्याच्या व्यवहारात असा शिरला.

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. तिथं एकोणिसाव्या शतकात कामगारांची परस्पर साहाय्य मंडळं होती. सभासद ठरावीक वर्गणी भरत आणि मंडळ एक डॉक्टर बांधून घेई. काही ठिकाणी सभासद मतदान करून डॉक्टर निवडत. ही पद्धत अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही पसरली होती. कामगाराला परवडणारी वैद्यकीय मदत पहिल्यांदा दारात आणली ती अशा मंडळांनी, हे श्रेय त्यांना द्यायला हवं. पण डॉक्टर उत्तरदायी होता तो मंडळाच्या समितीला, समोर बसलेल्या रुग्णाला नव्हे.

ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांचा राष्ट्रीय विमा कायदा १९११ चा. तो येताना ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेनं सहा अटी पुढे केल्या. त्यांतली एक होती रुग्णाला डॉक्टर निवडायचा हक्क, आणि डॉक्टरलाही नकार द्यायची मुभा. ती मान्य झाली. १५ जानेवारी १९१३ पासून वैद्यकीय लाभ सुरू झाला तेव्हा कोणताही पात्र डॉक्टर पॅनेलवर, म्हणजे विम्याच्या डॉक्टरांच्या यादीत, नाव घालू शकत होता आणि विमाधारक पॅनेलमधून आपला डॉक्टर निवडत होता. आज बहुतेक योजनांत जी पद्धत दिसते, तिचा साचा इथं तयार झाला.

नाव नोंदवून ठेवायची गरज का पडली, याचं उत्तर पैसे देण्याच्या रीतीत आहे. पॅनेल डॉक्टरला प्रत्येक तपासणीमागे फी मिळत नसे. त्याच्या यादीत जितकी माणसं, तितके दरडोई वार्षिक पैसे, माणूस वर्षभरात एकदा येवो की वीसदा. मग कोणतं डोकं कुणाच्या यादीत, हे लिहून ठेवणं भाग होतं. यात एक फार चांगली गोष्ट घडली. डॉक्टरकडे आपल्या ठरलेल्या माणसांची यादी आली, त्यांच्या नोंदी ठेवायची पद्धत आली, आणि माणसानं डॉक्टर बदलला की नोंदीही नव्या डॉक्टरकडे जाऊ लागल्या. ज्या जाड कागदी पाकिटांत त्या ठेवत, त्यांना पुढे कित्येक दशकं लॉइड जॉर्ज यांचंच नाव चिकटून राहिलं. खोटही याच रीतीत होती. यादी लांबवली की उत्पन्न वाढतं आणि प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ घटतो. दरडोई पैशांवर चालणाऱ्या प्रत्येक योजनेत ही खोट आजही आहे.

त्या विम्यात आणखी एक मोठी उणीव होती आणि तिच्याविषयी बोलताना आजही चीड येते. विमा होता कमावत्या कामगाराचा. घर सांभाळणारी त्याची बायको आणि मुलं त्यात नव्हती. पॅनेल डॉक्टर कुटुंबाचा डॉक्टर नव्हताच. घरात आजारी कुणीही पडो, फुकट तपासणी फक्त पगार आणणाऱ्याची. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा कुठे घरातल्या प्रत्येकाला आपलं नाव डॉक्टरच्या यादीत घालता आलं. अनेक बायका वर्षानुवर्षं अंगावर काढलेली दुखणी घेऊन तेव्हा पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढल्या.

तज्ज्ञाकडे जाण्याआधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते, हा नियम विमा कंपन्यांनी पैसे वाचवायला काढला, असा सर्वसाधारण समज आहे. त्याचं मूळ मात्र डॉक्टरांच्या आपसातल्या भांडणात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधल्या इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागांत गर्दी वाढली, साधे डॉक्टर रुग्ण गमावू लागले. हळूहळू समझोता झाला: तज्ज्ञानं इस्पितळ सांभाळायचं, रुग्ण साध्या डॉक्टरचा, आणि तो पाठवेल तेव्हाच तज्ज्ञानं पाहायचं. १९४८ मध्ये सरकारी सेवेनं हा समझोता जसाच्या तसा उचलला. खर्च आवरायला तो उपयोगी पडतो, हे विमावाल्यांच्या लक्षात पुढे आलं.

अमेरिकेत विम्याचे दोन प्रवाह एकाच वर्षी फुटले. १९२९ साली डॅलसमधल्या बेलर इस्पितळानं तिथल्या शिक्षकांना महिना ५० सेंटमध्ये वर्षाला २१ दिवस इस्पितळात राहायची हमी दिली. त्यातून इस्पितळाच्या खर्चाचा विमा वाढला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये रॉस आणि लूस या दोन डॉक्टरांनी आगाऊ वर्गणी घेऊन संपूर्ण उपचार देणारा गट सुरू केला. पाठोपाठ १९३३ मध्ये सिडनी गारफील्ड या तरुण डॉक्टरनं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कालव्याच्या कामगारांसाठी छोटं इस्पितळ काढलं. कामगारामागे दिवसाला ५ सेंट आगाऊ मिळू लागले आणि बुडीत निघालेलं इस्पितळ तरलं. पैसे आधीच हातात असल्यावर माणूस आजारी न पडणं यातच डॉक्टरचं हित असतं, हा त्याचा मोठा धडा. त्याच कामातून उभी राहिलेली, उद्योगपती हेन्री कैसर यांच्या नावाची आरोग्य योजना १९४५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेनं अशा गटांना कडाडून विरोध केला, तोही रुग्णाच्या निवडस्वातंत्र्याच्याच नावानं. गटात सामील होणाऱ्या डॉक्टरांची कोंडी केली जाई. वॉशिंग्टनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या सहकारी योजनेत अडथळे आणल्याबद्दल संघटना दोषी ठरली आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. जर्मनीत ज्या मागणीनं रुग्णाला मोकळं केलं, तीच अमेरिकेत स्वस्त योजना अडवायला वापरली गेली. म्हणून निवडीच्या हक्काची भाषा कुणाच्या तोंडी आहे, हे मी नेहमी आधी बघते.

मधल्या काळात फॅमिली डॉक्टरच दुर्मीळ होत चालला होता. तज्ज्ञांचा मान आणि मिळकत वाढली, तरुण डॉक्टर तिकडे वळले. त्यातच १९६१ साली केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी एक साधा हिशेब मांडला. १००० प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, २५० डॉक्टरकडे जातात, ९ जण इस्पितळात भरती होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या इस्पितळात पोहोचतो तो एक. वैद्यकीय शिक्षण मात्र त्या एकाभोवती फिरत होतं. १९६९ मध्ये अमेरिकेत कुटुंब वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाली.

१९७३ च्या कायद्यानं वर्गणीवर चालणाऱ्या अशा योजनांना सरकारी बळ मिळालं आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्या झपाट्यानं पसरल्या. सभासदानं यादीतला एक डॉक्टर निवडायचा, त्याच्या चिठ्ठीशिवाय पुढे जायचं नाही. इथं एक घातक भर पडली. काही योजनांनी डॉक्टरचं उत्पन्न चिठ्ठ्या कमी देण्याशी जोडलं. आपल्या भल्यासाठी निवडलेला माणूस आपल्याला अडवण्याचे पैसे घेतो, हे कळल्यावर लोक खवळले, आणि रास्त खवळले. राज्याराज्यांत रुग्णहक्कांचे कायदे झाले. २०१० च्या आरोग्य कायद्यानं तीन गोष्टी पक्क्या केल्या: नेहमीचा डॉक्टर नोंदवायला सांगणाऱ्या योजनेत, नवे रुग्ण घेणारा यादीतला कोणताही डॉक्टर निवडता येतो, मुलासाठी बालरोगतज्ज्ञ नोंदवता येतो, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला चिठ्ठी लागत नाही.

युरोपनं याच काळात सक्तीपेक्षा आमिषाचा मार्ग धरला. फ्रान्सच्या २००४ च्या कायद्यानं प्रत्येकानं एक डॉक्टर जाहीर करावा असं ठरवलं. आज तसं केलं तर तपासणीच्या ठरलेल्या दराचे ७० टक्के परत मिळतात, परस्पर तज्ज्ञाकडे गेल्यास ३० टक्के. जर्मनीनं २००४ पासून तिमाहीच्या पहिल्या भेटीला १० युरो आकारून पाहिले. ते इतके नावडते ठरले की २०१२ च्या अखेरीस बंद केले. नेदरलँड्समध्ये विमाधारकाला वर्षाचा पहिला ठरावीक खर्च स्वतः सोसावा लागतो, पण फॅमिली डॉक्टरची भेट त्यातून वगळली आहे. मला हा उपाय सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो पहिली पायरीच मोफत करतो.

भारतातही विम्याचे ते दोन्ही प्रवाह आले, संपूर्ण उपचारांचा आणि इस्पितळाच्या खर्चाचा. प्राध्यापक आदारकरांच्या १९४४ च्या अहवालावर आधारलेली कामगार राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. महाराष्ट्रात तिनं पॅनेल डॉक्टरांची पद्धतही वापरली. १९८६ ची मेडिक्लेम मात्र इस्पितळाच्या खर्चाच्या प्रवाहातली. बहुतेक खासगी पॉलिसींत यादीतला फॅमिली डॉक्टर निवडावा लागत नाही, त्याचं कारण हेच.

एकच डॉक्टर धरून राहण्यानं खरंच काही फरक पडतो का? नॉर्वेनं २००१ साली प्रत्येक नागरिकाला ठरलेला डॉक्टर दिला, त्यामुळे तिथं हे मोजता आलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच डॉक्टरशी १५ वर्षांहून अधिक काळ जोडलेल्या लोकांमध्ये तातडीनं भरती होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण, वर्षभराचीच ओळख असलेल्यांपेक्षा साधारण २५ ते ३० टक्के कमी आढळलं. अशा अभ्यासातून कारण ठामपणे सिद्ध होत नाही, पण जितकी जुनी ओळख तितका फरक जास्त, हा क्रम दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

म्हणून पत्त्याच्या जवळिकीपेक्षा दुसरेच प्रश्न आधी विचारावेत. त्या दवाखान्यात दर वेळी तोच डॉक्टर भेटतो का, की जो असेल तो? त्याला पैसे कसे मिळतात, दरडोई की भेटीमागे? चिठ्ठीशिवाय कोणत्या तज्ज्ञाकडे जाता येतं? पटलं नाही तर वर्षातून किती वेळा बदलता येईल? नॉर्वेत हा बदल वर्षातून दोनदा करता येतो. आणि तो डॉक्टर नवे रुग्ण घेतोय का, हे फोन करून विचारावं. छापील यादीवर विसंबू नये. कारण आताची अडचण वेगळीच आहे. निवडीचा हक्क कायद्यात आहे, पण फॅमिली डॉक्टरच पुरेसे नाहीत. फ्रान्समध्ये लाखो लोकांना नोंदवायला डॉक्टर मिळत नाही, आणि नॉर्वेतही हव्या त्या डॉक्टरची यादी भरलेली असली, तर आपलं नाव प्रतीक्षायादीत घालून थांबावं लागतं.